पितळी स्क्रू

घोरपडे फौजदार निवृत्त झाले आणि जुन्या जीपच्या मागे लागले. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल-हवेचा मेळ घालणारा स्क्रू रोज सकाळी पिळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. जीप काळा धूर ओकायची, चढावर बंद पडायची आणि बोल लागायचा दस्तगीर मिस्त्रीला. शेवटी मिस्त्रीने जीप दोन दिवस ठेवून घेतली.

पुढे सहा महिने ती कुरकुरली नाही. फौजदार गॅरेजात येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, “बघ मिस्त्री, हा पितळी स्क्रू मी रोज पाव फेरा फिरवतो. याला म्हणतात हात!”

मिस्त्रीने इंजिन चालू ठेवूनच तो स्क्रू काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. इंजिन तसंच सुरू!

“अरे, मग हा कसला?”

“गाडीचा आत झाकून बसवलाय, साहेब. हा तुमच्या हातासाठी होता.”