तीन गाठींची पुडी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी तिथे हजर होतो. म्हणजे तसा नव्हतो. तेव्हा माझ्या खापरपणजोबांचंही बारसं व्हायचं होतं. पण ज्याने मला सांगितली तो खोटं बोलत नसे, निदान जेवणाआधी तरी नाही. तेव्हा लहानांनी कान द्यावेत आणि मोठ्यांनी जरा लाज वाटून घ्यावी.

फार जुन्या काळी एका राज्यात नदीला पूर आला. पूर म्हणजे केवढा? माशांनी देवळाच्या कळसाला प्रदक्षिणा घातल्या. पाणी ओसरल्यावर मागे चिखल, मेलेली गुरं आणि नासलेल्या विहिरी राहिल्या. माणसांना उंच माळावर राहुट्या ठोकून ठेवलं, आणि आठवड्याच्या आत राहुटी-राहुटीत हगवण शिरली.

त्या राज्यात काष्ठौषधी विकणारी एक बाई होती. लोक तिला पुडीवाली म्हणत. साली-मुळ्या कुटायच्या, चाळायच्या आणि पुड्या बांधायच्या, यात तिचे केस पिकले होते. तिच्या धंद्यात एक रीत होती. पोटात घ्यायच्या औषधाच्या पुडीला एक गाठ, अंगाला लावायच्या औषधाला तीन. ज्याला वाचता येत नाही, ज्याचे डोळे तापाने मिटलेत, त्याच्याही बोटांना कळलं पाहिजे.

पूर आल्याचं कळताच नऊ गावच्या पुडीवाल्यांनी आपापली दुकानं झाडून सगळी औषधं राजधानीला पाठवली. आमची बाई तेवढ्यावर थांबली नाही. दुकानाला कुलूप घालून दोन दिवस चालत ती माळावर पोचली.

माळाच्या तोंडाशी राजाचा कोठारप्रमुख बसला होता. सेवेला आलेल्यांची तो वाटणी करत होता. वैद्य उजवीकडे, औषधांच्या राहुटीत; बाकी सगळे डावीकडे, चुलीवर नाहीतर चिखलात.

“तू काय करतेस गं?” त्याने मान वर न करता विचारलं.

“पुड्या बांधते, सरकार.”

“पुड्या बांधूनच आल्यात. तू भात ढवळ.”

बाईने कपाळाला आठी घातली, पण पळी हातात घेतली. आजाऱ्यांना भातही लागतोच.

भात वाढता वाढता ती एका कुंभारणीपाशी आली. बाळंत होऊन पंधरा दिवस झालेले, त्यात हगवण. कुंभारणीचं नुसतं चिपाड झालं होतं. तिच्या हातात नुकत्याच सुरू झालेल्या वाटपातली पहिलीच लाल रेशमी पिशवी होती. पिशवीवर राजाची मोहोर, वरून केवड्याचं अत्तर शिंपडलेलं, आणि गाठ एकही नाही. दुसऱ्या हातात कोमट पाण्याची वाटी.

पुडीवालीने पिशवी हिसकावली. आतली भुकटी कणभर जिभेच्या टोकावर ठेवली आणि लगेच थुंकली. टोकाला मुंग्या आल्या. हगवणीवरची कुड्याची साल कडू लागते, पण मुंग्या आणत नाही. हा बचनाग होता, दुखऱ्या सांध्यांना लावायचा. पोटात गेला तर माणूस सकाळ बघत नाही.

ती तशीच औषधांच्या राहुटीत घुसली. शिपाई आडवे आले, त्यांना तिने पळीने बाजूला केलं. तिथे उलगडा झाला. खरखरीत सुताच्या गाठी राजाच्या दानाला शोभत नाहीत, म्हणून कोठारप्रमुखाने नऊ गावच्या सगळ्या पुड्या सोडवून त्या रेशमी पिशव्यांत भरून घेतल्या होत्या. पिशव्या सगळ्या सारख्या.

राजवैद्य भला माणूस होता, पण दुखावला. म्हणाला, “बाई, मी त्या कुंभारणीला कुडाच सांगितला होता.”

“तुम्ही सांगितलं ते बरोबरच आहे, वैद्यराज. पिशवीत काय आहे ते सांगा.”

राजवैद्याने ढिगातली एक पिशवी उघडून हुंगली, मग दुसरी उघडून निरखली.

वासाने ओळखावं, तर सगळ्यांना केवड्याचा वास. रंगाने ओळखावं, तर दोन्ही भुकट्या मातकट. उरली जीभ. बाईने फतकल मारली. एकेका पिशवीतला कण चाखायचा, थुंकायचा, चूळ भरायची, आपल्या लुगड्याचा काठ उसवून काढलेल्या दोऱ्याने गाठ मारायची. एक किंवा तीन. जीभ बधिर झाली की थांबायचं, मुंग्या गेल्या की पुढची पिशवी. कोठारप्रमुख म्हणत होता की मोहोर चुरगळतेय. राजवैद्य मात्र शेजारी बसून तिला पाण्याचे तांबे भरून देत होता. सहाशे बारा पिशव्या झाल्या तेव्हा दुसरा दिवस मावळत होता आणि तिची जीभ लाकडाची झाली होती. कुंभारणीच्या पोटात कुडा गेला, आणि तिचं बाळ पोरकं व्हायचं टळलं.

तिसऱ्या दिवशी राजा आला. कोठारप्रमुखाने छाती फुगवून सांगितलं की दरबारी पिशव्यांनी एकही माणूस दगावला नाही. पुडीवाली समोरच उभी होती. तिने तोंड उघडलं, पण जीभ हलेना.

कुंभारीण बाळाला घेऊन पुढे झाली. “महाराज, हिनं चाखलं म्हणून आम्ही जगलो. तुमच्या पिशवीनं मी आज चितेवर असते.”

हे ऐकताच राजा घोड्यावरून उतरला, पुडीवालीपुढे वाकला, त्याने कोठारप्रमुखाला भात ढवळायला धाडलं आणि त्याच दिवशी फर्मान काढलं, की यापुढे संकटात औषधांची राहुटी पुडीवाल्यांच्या ताब्यात राहील.

आता कबूल करतो. राजा उतरला इथपासून पुढचं मी रचलं. तो उतरला नाही. त्याने कुंभारणीकडे केवड्याची आणखी एक पिशवी फेकली आणि कोठारप्रमुखाच्या गळ्यात कंठा घातला. पुडीवाली चालत घरी गेली. आठव्या दिवशी तिची जीभ सुटली आणि पहिला शब्द निघाला तो मुलांसमोर उच्चारता येत नाही. पुढच्या पुरात पिशव्या पुन्हा रेशमी होत्या, पुन्हा बिनगाठीच्या, आणि चाखायला ती नव्हती. त्या वर्षी माळावर किती चिता पेटल्या, हे दरबारात कुणी विचारलं नाही.

बोध मात्र मी रचलेला नाही: संकटात पिशवीवरची मोहोर नव्हे, पिशवीतलं औषध ओळखणाऱ्याला आधी आत घ्यावं.