फोटोपुढचं फुलपात्र

बायको गेल्यापासून खांबेटेमास्तर कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकटेच जेवत. एके दिवशी त्यांनी पाणी मागितलं, तर नवा मालक गल्ल्यावरूनच गुरकावला, "नळाचं पाणी देणं बंद केलंय. बाटली घ्या. इथं फुकट काही मिळत नाही!"

मास्तरांनी वर पाहिलं. गल्ल्यामागे मालकाच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता, पुढे पाण्याने भरलेलं फुलपात्र.

"ते बाटलीतलं का हो?"

"छे, नळाचंच! वडिलांसाठी रोज सकाळी मी स्वतः भरतो."

"मग शेजारी माझाही फोटो लावा," मास्तर म्हणाले. "जिवंत माणसाला तुम्ही पाणी देत नाही, आणि मेल्यावर ठेवणारं माझ्या घरी कोणी नाही."

मालक उठला, पाणी भरून घेऊन आला. मास्तर ते सावकाश प्यायले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांच्या हातात पाणी दिलं होतं.