बरणीचं झाकण

"…मग अशा लोकांना अनित्य समजावून द्यायचं कुणी, भन्ते? मी, का तुम्ही?"

भन्ते खेमानंद भोजन आटोपून आपलं पात्र धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा होता सुगत मेश्राम. विहाराच्या पायरीवर बसला होता. शेजारी एक मोठं खोकं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं. मांडीवर फोन. फोन मधूनमधून थरथरायचा आणि सुगत त्याच्याकडे बघून ओठ मुडपायचा.

चंद्रपूरकडच्या त्या गावात चिनीमातीची भांडी भाजणाऱ्या भट्ट्या आहेत. तिथल्या बरण्या, किटल्या, कप सुगत फोनवरून देशभर विकतो. लहानपणी दर रविवारी याच विहारात तो भन्तेंपाशी वंदना शिकला. पुढे शहरात शिकून परत आला, धंद्यात पडला. माल न फुटता पोचवण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं तो स्वतःच सांगतो. ते खरंही आहे. इतर विक्रेते त्याच्याकडे खोकी भरायला शिकायला येतात.

आज त्याचा राग गिऱ्हाइकांवर होता आणि बराच वेळ तो तेच सांगत होता. सोलापूरच्या एका गृहस्थांना कप भरतानाचं चित्रण हवं होतं. पाठवलं, तर म्हणाले, पाठीमागून काढलेलं नाही. एका बाईंनी गाडी चालवणाऱ्याचं नाव विचारलं, आणि तो पितो का, तेही. एकानं खोक्याच्या सगळ्या बाजूंना 'नाजूक' लिहायला लावलं. खालच्या बाजूलासुद्धा.

"खालची बाजू वाचतं कोण, भन्ते? मुंग्या?"

भन्ते हसले. थोडंसंच.

सुगतला तेवढ्यानं बळ आलं. प्रत्येकाला उत्तर देत बसलं तर दुकान कधी चालवायचं, म्हणून त्यानं फोनलाच उत्तर शिकवून ठेवलं होतं. कुणाच्याही निरोपात 'पॅकिंग' हा शब्द आला की फोन आपणहून लिहायचा : 'आपली वस्तू स्वच्छ धुऊन, पुसून, उत्तम पॅक करून पाठवली जाईल. निश्चिंत राहा.'

निश्चिंत राहा. अलीकडे हे शब्द माणसांपेक्षा यंत्रंच जास्त बोलतात.

"आणि हे कुणाचं?" भन्तेंनी खोक्याकडे बोट केलं.

सुगतनं सुस्कारा टाकला. याच्यासाठीच तो आला होता.

सुलोचना भगत नावाच्या एका बाईंचं ते खोकं. हिंगणघाटच्या. सुगत जुन्या बरण्यांना झाकणं जुळवून देतो. लोक बरणी पाठवतात, तो भट्टीवर मापाचं झाकण करून घेतो आणि दोन्ही परत धाडतो. या बाईंची बरणी आली ती तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधून, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा. साधी बरणी. वरून तपकिरी, खालून पांढरी, बाजारात मिळते तशी.

पण बाईंचे निरोप थांबेनात. रोज एक. रोज पॅकिंगचाच विषय. रोज फोन तिला तेच उत्तर द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारायची.

"उत्तर मिळालं नं एकदा? लोकांचा विश्वासच उरला नाही कशावर. आम्ही जीव ओतून काम करायचं, अन् यांनी आमच्यावर चोरासारखी नजर ठेवायची."

काल तिनं फोन केला. बोलताबोलता रडायला लागली. सुगतनं तिला सांगितलं, निश्चिंत राहा. ती आणखीच रडली. त्यानं फोन ठेवला आणि तिला एक निरोप लिहिला. हा मात्र त्यानं स्वतः लिहिला होता, विचार करून. तो भन्तेंना ऐकवायचाच, असं ठरवून तो आला होता.

'सुलोचनाताई, आपण बुद्धाची लेकरं. जे घडलं ते एक दिवस फुटणार. सर्व अनित्य आहे. आसक्ती सोडा, दुःख सुटेल.'

वाचून झाल्यावर त्यानं भन्तेंकडे पाहिलं. रविवारच्या वर्गात गाथा न अडखळता म्हटल्यावर पाहायचा, तसंच.

भन्ते पात्राच्या आतून बोटं फिरवत होते.

"काय म्हणाली ती?"

"दोनच शब्द. 'मी येते.' निघालीय एसटीनं. मीच म्हटलं, दुकानात नको, विहारात या." सुगत जरा पुढे सरकला. "तुम्ही बोला तिच्याशी, भन्ते. तुमचं ऐकेल. अनित्यावर तुम्ही किती छान सांगता. थोडा वेळ फक्त. तिच्याही मनाला बरं वाटेल."

"काल रडली काहून?"

"ते… बारीकसारीक होतं."

"काहून रडली?"

सुगतनं फोन हातात फिरवला. मग म्हणाला की, खरं तर बाईंचा पहिला निरोप त्यानं पुरता वाचलाच नव्हता. पडद्यावर पहिली ओळ दिसते, 'पॅकिंगबद्दल थोडं सांगायचं होतं.' तेवढी दिसली. पुढचं काल वाचलं, तिचा फोन येऊन गेल्यावर, तिला निरोप लिहिण्याआधी. नंतरचे निरोपही तेच सांगणारे होते.

"वाच."

"आता काय उपयोग आहे, भन्ते…"

"वाच."

सुगतनं वाचलं.

'पॅकिंगबद्दल थोडं सांगायचं होतं. भाऊ, बरणी आतून धुऊ नका. माप बाहेरूनच घ्या. दादरा सोडावा लागला तर लगेच बांधा. माझी मुलगी हिवाळ्यात गेली. घरातलं शेवटचं लोणचं तिनं घातलं होतं. ते संपलं. भेटायला माणसं येत होती, त्या गडबडीत कुणाच्या तरी हातून झाकण फुटलं. झाकण नसलं की वास जातो. म्हणून झाकण पाहिजे.'

सुरुवातीला त्याच्या आवाजात चेष्टेचा सूर होता. शेवटी तो सपाट झाला.

पात्रातलं पाणी काठावरून पायरीवर ठिबकत होतं.

"धुतली?"

"आमच्याकडे सगळंच धुऊन जातं, भन्ते. ती पद्धत आहे. गिऱ्हाइकाला वस्तू स्वच्छच गेली पाहिजे. गरम पाणी, सोडा—"

"धुतली का, सुगत?"

"धुतली."

"वास होता?"

सुगत खाली बघून म्हणाला, "दादरा सोडला तेव्हा आला. म्हणूनच तर धुतली."

भन्तेंनी डोळे मिटले आणि उघडले.

सुगत भराभर बोलू लागला. बरणीला ओरखडासुद्धा नाही, म्हणाला. झाकण असं चपखल बसलंय की भट्टीवाल्यांनाही नवल वाटलं. दादरा धुऊन, इस्त्री करून वर ठेवलाय. खोकं माडीवरून टाकलं तरी आत काही हलणार नाही. ती घरी नेऊन उघडेल तेव्हा तिच्या लक्षातही येणार नाही कदाचित. वास माणसाच्या मनात असतो. अन् राहून राहून तो राहिला असता तरी किती? उन्हाळा संपेपर्यंत? पुढे तो जाणारच होता.

"वाससुद्धा अनित्यच नं, भन्ते?"

भन्ते उठले.

सुगतनं त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. विहाराच्या जागेवरून गावात भांडण झालं तेव्हाही नाही, दानपेटी फोडली गेली तेव्हाही नाही. आता मात्र त्यांनी हातातलं पात्र घट्ट धरलं होतं. ते मातीचं होतं, जुनं, काळं पडलेलं.

पात्र घेऊन ते आपल्या खोलीकडे गेले. दार ओढून घेतलेलं होतं. सुगत लगबगीनं उठला, दार उघडायला. भन्तेंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो जागीच थांबला.

भन्ते वाकले. त्यांचे गुडघे दुखतात, वाकताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. एका तळहातानं त्यांनी जमीन चाचपली. खांद्यावरच्या झोळीतून चुंबळ काढून ठेवली. तिच्यावर पात्र ठेवलं. ते डुगडुगत नाही ना, हे बघितलं, मग हात काढला. सावकाश उभे राहिले. दार उघडलं. पुन्हा वाकले, पात्र उचललं.

उंबरठ्यावरच थांबून त्यांनी मागे पाहिलं.

"मी काय केलं?"

सुगतला उत्तर ठाऊक होतं. वर्गात उत्तर पहिल्यांदा त्यालाच यायचं. "हातात पात्र असताना दार उघडायचं नाही. भिक्खूंचा नियम आहे."

"कुणी घालून दिला?"

"तथागतांनी."

"आणि अनित्य कुणी सांगितलं?"

सुगतची नजर पात्रावर गेली.

"त्यांना माहीत नसेल का रे, मातीचं पात्र फुटतं म्हणून?"



मग सुगतलाही राग आला. अपमान झाल्यासारखा राग. मी मुद्दाम केलं का, असं त्यानं विचारलं. दिवसाला एवढे निरोप येतात. त्यातला कुठला आईचा आणि कुठला रिकामटेकड्याचा, हे पहिल्या ओळीवरून कसं कळणार? हवी तर नवी बरणी देतो. झाकणाचे पैसे घेत नाही. आणखी काय करायचं माणसानं?

"चूक झाली, भन्ते. चूक कुणाच्याही हातून होते."

"बरणी धुतली, ती चूक." भन्तेंचा आवाज वाढला नव्हता, पण प्रत्येक शब्द वेगळा पडत होता. "काल वाचलंस. तिचं लेकरू गेलं, हे वाचलंस. त्यानंतर जे लिहिलंस, ती चूक नाही."

"मी धम्मच लिहिला."

"धम्म नाही लिहिला. झाकण लावलंस. तिच्या तोंडाला."

सुगतचा चेहरा उतरला.

"तो शब्द मी तुला दिला होता," भन्ते म्हणाले. "तुझ्या घरचं माणूस गेलं, तर तुला धरायला असावा म्हणून. दुसऱ्याच्या अंगावर फेकायला नव्हता दिला."

ते आत गेले, पात्र जागेवर ठेवून आले. तोवर सुगत पायरीवर जाऊन बसला होता. पायरीवर बसले, सुगतपासून जरा अंतरावर. सुगतच्या मांडीवर फोन पुन्हा थरथरला. त्यानं पाहिलं नाही. काही क्षणांनी फोन स्वतःच गप्प झाला. कुणीतरी कुठेतरी पॅकिंगबद्दल विचारलं असावं, आणि त्याला उत्तर गेलं असावं.

फाटकाशी ऑटो थांबला.

एक बाई उतरली. ठेंगणी, केस अर्धे पिकलेले. काखेत घडी घातलेली गोधडी होती. बरणी गुंडाळून न्यायला आणली असावी. फाटकातच तिनं चपला काढल्या, विहार अजून बराच लांब असताना, आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी येऊ लागली. येताना तिची नजर माणसांवर नव्हती. ती खोक्याकडे बघत होती.

सुगत उभा राहिला. त्याचे हात कुठे ठेवावेत, हे त्याला कळत नव्हतं.

"भन्ते," तो कुजबुजला, "तुम्ही बोला नं."

"मी नाही."

"मग मी काय सांगू तिले?" शहरात गेल्यापासून त्याच्या तोंडून असा शब्द आला नव्हता.

"इथंच खोकं उघड. तिच्यासमोर. धुतली म्हण. 'पद्धत आहे' म्हणू नको."

"ती रडेल."

"रडेल."

"मग मी हात जोडून उभा राहू? अनित्य नाही, काही नाही… मग काय करू?"

बाई पायरीशी येऊन पोचली होती. तिनं गोधडी खाली अंथरली आणि खोक्यावर हात ठेवला.

भन्ते सरकले, तिला बसायला जागा केली, आणि हळू आवाजात सुगतला म्हणाले,

"मग तिला विचार, लोणचं कशाचं होतं."