सगुणाची सुरी

एक गाव होतं आणि त्या गावात, खोटं नाही, माणसांपेक्षा बाहुल्या जास्त होत्या. राजे, राण्या, राक्षस, हत्ती, सगळे घराघरात आढ्याला टांगलेले. तिथली माणसं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून बाहुल्या कोरायची, त्यांना दोऱ्या बांधायची आणि जत्रेत नाचवायची.

तिथेच सगुणा नावाची एक पोरगी राहायची. तिला लहानपणापासून एकच वेड, जत्रेच्या राणीच्या दोऱ्या आपल्या हातात याव्यात. आता या दोऱ्या काही अशाच मिळायच्या नाहीत हां. गावची रीत होती. जत्रेच्या संध्याकाळी पडद्यापुढे पणती लावायची आणि ती विझेपर्यंत राणी नाचवून दाखवायची. मध्ये हात थांबला की संपलं. ज्याचा थांबला नाही त्याला दादबा, म्हणजे खेळाचे म्हातारे म्होरके, सगळ्यांसमोर दोऱ्या द्यायचे.

सगुणा घरच्या बाहुलीवर रोज सरावाला बसायची. बसायची म्हणजे, नुसती बसायचीच. दोन पावलं चालवली की तिला वाटायचं, गुडघा जरा अडकतोय. मग कमरेची सुरी काढायची, गुडघा सोडवायचा, तासायचा, परत जोडायचा. तो जमला की कोपर खुपायला लागायचं. आई जेवायला हाका मारून दमायची, भाकरी गार व्हायची आणि सराव राहायचा तो राहायचाच. मग सगुणा स्वतःवरच चिडायची. आपल्यात चिकाटीच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

तिचा चुलतभाऊ भिवा मात्र बोटं दुखेपर्यंत नाचवायचा. वर तिला चिडवायचा, "सगुणे, अगं बाहुली नाचवायचीय, सोलायची नाहीये."

जत्रा उजाडली. दादबांनी वर्षभर पेटीत ठेवलेली राणी बाहेर काढली. आधी भिवाची पाळी. नमस्काराच्या वेळी राणीची मान अडकली, पण भिवाने झटकन एक गिरकी मारून वेळ निभावून नेली. कुणाला कळलंसुद्धा नाही. पणती विझली, टाळ्या पडल्या.

सगुणाला मात्र कळलं होतं. ती दोऱ्या हातात घेऊन उभी राहिली तरी डोक्यात ती मानच. तशी सुरुवात बरी झाली. राणी चालली, वळली, लोक रंगले. मग नमस्कार आला आणि मान पुन्हा तिथेच अडकली.

सगुणाने हात थांबवला.

सरळ खाली बसली, राणीला मांडीवर घेतलं आणि सुरी काढली. लोकांमध्ये हसाहशी सुरू झाली. मागून कुणीतरी विचारलं, राणीची हजामत चाललीय का? हिच्या कानातच शिरलं नाही. तासून झालं, फुंकर मारली आणि राणीला उभी केली. राणीने अगदी सावकाश मान खाली घातली.

हसणं थांबलं. पुढे बसलेल्या एका चिमुरडीने हळूच विचारलं, "आई, तिला वाईट वाटतंय का गं?"

तेवढ्यात पणती विझली.

पण रीत ती रीत. दोऱ्या भिवाला मिळाल्या. माणसं पांगल्यावर सगुणा रडत दादबांकडे गेली आणि पुढच्या जत्रेला एक संधी मागितली.

"देतो की," दादबा म्हणाले. "पण तोवर ही सुरी माझ्याकडे राहील. लाकडाला हात लावायचा नाही. फक्त दोऱ्या."

सगुणाने लगेच कमरेला हात घातला. सुरी काढली. आणि हात काही पुढे होईना. घरी एक घोडा अर्धवट पडला होता, त्याचा एकच कान झाला होता. तो तसाच राहणार?

"नको," ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. "दोऱ्या राहू देत, दादबा."

"मग रडतेस कशाला?"

"मला वाटत होतं, मला त्याच हव्यात."

दादबांनी राणी उचलून तिच्या हातात दिली. "डावा पायही ओढते गं ही. इतकी वर्षं माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही."

पुढच्या जत्रेत भिवाने राणी अशी काही नाचवली की लोक पापणी लववायला विसरले. जो तो भिवाच्या हाताचं कौतुक करत होता. शेजारची मावशी पडद्यामागे येऊन सगुणाला म्हणाली, "तुझं नाव कुणी घेतलं नाही बघ."

"थांबा मावशी," सगुणा फटीतून बघत म्हणाली. "आता मान खाली घालेल."

आणि मावशीला उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

तात्पर्य काय, तर कलेत आपली जागा कुठली हे कळत नसेल, तेव्हा काय सोडायला सांगितलं की हात पुढे होत नाही, ते बघावं. आपली जागा तीच.