भिवराईचा विस्तव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. माझ्या आजीला तिच्या आजीनं सांगितली, आणि त्या म्हातारीलाही ती कुणाकडून ऐकूनच ठाऊक होती. आणि हे बघा, मधेमधे बोलायचं नाही. मला राग येतो.

तर तेव्हा आपल्या गावात भिवरा नावाची एक भडभुंजी होती. दाराशीच तिची भट्टी. ज्वारीच्या लाह्या फोडायची, फुटाणे भाजायची. नवरा मल्हारी डोंगरातून जळण आणायचा. आणि त्यांची एकुलती एक पोर होती, हौसा. असेल सहा-सात वर्षांची. भारी द्वाड. भट्टीच्या राखेत चिंचोके पुरून ठेवायची, आणि भाजले की येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ठेवायची. फुकट हं! भिवरा म्हणायची, "ही कार्टी माझं दिवाळं काढणार." पण जीव अडकलेला होता तिचा त्या पोरीत. पोर जरा नजरेआड झाली की हातातला झारा टाकून धावत सुटायची.

एका चैत्रात गावावर मरी आली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी आडवा, अशी गत. पाटलानं दवंडी पिटवली: गाव बंद. वेस बंद, बाजार बंद, देवळाची कडी बंद. ज्यानं त्यानं आपल्या उंबऱ्याच्या आत राहायचं. या घरातली वस्तू त्या घरात जायची नाही, विस्तवसुद्धा नाही. मल्हारी तेव्हा डोंगरात गेलेला, तो वेशीबाहेरच अडकला. घरातली चकमकही त्याच्याच चंचीत राहिली.

आता विस्तव नाही म्हणजे काय, हे तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही बटण फिरवलं की जाळ! तेव्हा काड्यापेटी कुठली? चूल विझली की बाई हातात खापरी घेऊन शेजारी जायची आणि दोन निखारे मागून आणायची. विस्तवाला नाही म्हणायचं नसतं, हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

भिवराच्या भिंतीला भिंत लागून येसूआत्या राहायची. एकटी म्हातारी, तोंडानं फटकळ, पण हौसाला चिंच पुरवायची तीच. गाव बंद झाल्यावर थोड्या दिवसांनी म्हातारीची चूल विझली. तिनं परसातल्या भिंतीवरनं हाक मारली, "भिवरे, दोन निखारे दे गं. भिंतीवर ठेव, मी घेते."

भिवराच्या चुलीत तेव्हा चांगला रसरशीत विस्तव होता. ती खापरी घेऊन उठलीही. मग तिची नजर हौसाकडे गेली. खापरी आपल्या घरातून जाईल, म्हातारी हात लावेल, परत येईल, आणि तिच्याबरोबर मरी आली तर? तिनं खापरी खाली ठेवली.

"नको आत्या," ती म्हणाली. "माझं लेकरू लहान हाय."

एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई, पण गप्प आत गेली. त्या दिवसापासून ती थंड पाण्यात ज्वारीचं पीठ कालवून प्यायला लागली. दवंडी पाटलाची होती, हे खरं. पण भीती भिवराची होती, आणि हे तिला जन्मभर माहीत होतं.

मरीला दार कसलं आणि भिंत कसली? ती भिवराच्या घरात आलीच. हौसा एका दिवसात गेली. दोघा गड्यांनी पोरीला उचललं आणि आईला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. ज्या लेकरासाठी तिनं नाही म्हटलं, ते लेकरूच गेलं.

मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन येतात, जवळ बसतात, जबरदस्तीनं घास भरवतात. भिवराची चूल विझली. पण शेजारीण येणार कशी? सगळी दारं बंद! ती बाई भिंतीला टेकून तशीच बसून राहिली. असं म्हणतात की तिच्या रडण्यानं आळीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती.

पण माणसाचा देह मोठा निर्लज्ज असतो बघा. ऊन चढलं, घसा कोरडा पडला, तशी ती उठली आणि डेऱ्यातलं गार पाणी प्याली. ते पाणी आत उतरताना तिला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून तिनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "पोर गेली आणि तुला पानी ग्वाड लागतंय व्हय गं?" दुसऱ्या दिवशी परसातल्या कडुनिंबाच्या मोहराचा वास आला, तेव्हाही तसंच. शिळ्या भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून खाल्ला, आणि तो गोड लागला, तेव्हाही तसंच. या लहान लहान गोष्टी तिला धरून ठेवत होत्या आणि ती त्यांच्यावर चिडत होती.

सगळ्यात जास्त आधार होता जात्याच्या आवाजाचा. पहाटे भिंतीपलीकडे येसूआत्या दळायला बसायची. घरघर सुरू झाली की भिवराच्या छातीवरचा दगड जरा हलायचा. कुणीतरी आहे, एवढं कळायचं. पण लगेच दुसरं कळायचं, की म्हातारी दळते आहे ते पीठ ती कच्चंच पिणार, आणि ते आपल्यामुळं. आधार आणि टोचणी दोन्ही त्या एकाच आवाजात होती.

मग एका पहाटे जातं वाजलंच नाही.

भिवरानं वाट पाहिली. उजाडलं, ऊन आलं, तरी आवाज नाही. हाक मारली. उत्तर नाही. म्हातारीला आता पोटात गरम काही गेलं तर गेलं, नाहीतर संपलं. पण द्यायचा कुठून विस्तव? होता तेव्हा दिला नाही, आता घरात ठिणगी नाही!

ती दाराशी भट्टीपाशी गेली. गाव बंद झाल्या दिवसापासून भट्टी पेटलेली नव्हती. तिनं वेड्यासारखा राखेत हात घातला. हाताला चिंचोके लागले. भट्टी पेटली त्या शेवटच्या दिवशी पोरीनं पुरलेले, आणि वर भरपूर राख सारून थोपटून ठेवलेले. भिवरानं ते मुठीत धरले, आणि तिथंच तिला रडू फुटलं. मग तिच्या ध्यानात आलं, की मूठ पोळते आहे. चिंचोके गरम होते! तिनं आणखी खोल उकरलं, तर राखेच्या तळाशी एक निखारा लाल होऊन बसलेला. इतक्या दिवसांत निखारा जिवंत राहतो का? नाही राहत. पण राहिला, असं म्हणतात.

खापरी शोधायला ती थांबली नाही. निखारा तसाच तळहातावर घेतला आणि उंबरा ओलांडला. पाटील ओरडला असेल, शेजारपाजारचे ओरडले असतील, तिनं ऐकलं नाही. तिचा हात भाजला नाही असं म्हणतात. माझी आजी म्हणायची की भाजला असणार, तिनं दाखवला नसेल.

येसूआत्या जात्याशेजारी पडलेली. डोळे उघडे, ओठ सुकलेले. भिवरा दारात उभी राहिली. कितीतरी बोलायचं होतं तिला. पण तोंडातून एवढंच निघालं, "आत्या, उशीर झाला."

म्हातारीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "मग हुबी काय ऱ्हायलीस?" ती म्हणाली. "चूल पेटव."

भिवरानं चूल पेटवली, पेज शिजवली आणि फुंकून फुंकून म्हातारीला पाजली. उरलेली म्हातारीनं तिला प्यायला लावली. पोर गेल्यापासून भिवराच्या पोटात गेलेला तो पहिला गरम घास.

मग त्या एका निखाऱ्यावरनं तिनं गावातल्या विझलेल्या सगळ्या चुली पेटवल्या. दार ठोठावायची, विस्तव उंबऱ्यावर ठेवायची, लांब सरायची. कितीही वाटला तरी निखारा कमी झाला नाही, असं म्हणतात. तिनं भट्टीही पेटवली आणि लाह्या फोडल्या. तो खमंग वास बंद दारांतून घराघरांत शिरला, आणि पाणी सुटलेल्या तोंडानं आजारी माणसं उठून बसली. वेशीबाहेर, डोंगरात बसलेल्या मल्हारीलाही तो आला. तो सोबतच्या धनगरांना हसून म्हणाला, "माझ्या पोरीनं हट्ट धरला आसंल." त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

मरी गेली. येसूआत्या पुढं बरीच वर्षं जगली. भिवरानं तिचं सगळं केलं, न्हाऊमाखू घातलं, पाय चेपले. म्हातारी तिच्या हातचं खायची, तिच्यावर डाफरायची, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. पण "जाऊ दे, झालं ते झालं" असं तिनं कधी म्हटलं नाही. भिवरा ते ऐकायची वाट पाहत राहिली. म्हातारी गेली, आणि मग भिवराही म्हातारी होऊन गेली. निखारा दोन घरांमधल्या भिंतीवर एवढ्याशा खापरीत ठेवायचा होता, बस्स. एवढंच काम होतं.

म्हणून चैत्राच्या अवसेला आपल्या गावात सकाळी कुणी स्वतःच्या घरचा जाळ पेटवत नाही. गॅस असला म्हणून काय झालं? शेजारीण पणतीत जाळ घेऊन दारात येते आणि म्हणते, "उशीर झाला." भल्या पहाटे आली तरी तेच म्हणते. तिला कुणी "असू दे" म्हणत नाही. त्या पणतीवर आपला गॅस पेटवायचा, एवढंच.

परवाच्या त्या टाळेबंदीतही हे चुकलं नाही. त्या साली आपल्या आळीतल्या सुलभाची मुलगी शहरातल्या दवाखान्यात वारली. रस्ते बंद, सुलभाला पोचताच आलं नाही. तेव्हापासून तिनं दार लावून घेतलेलं. अवसेच्या सकाळी आम्ही सगळ्याजणी तोंडाला पदर बांधून गेलो, तिच्या ओट्यावर एकेक पणती ठेवली आणि अंगणात लांबलांब उभ्या राहिलो. म्हणायचं ते म्हटलं. दार उघडेना. वाऱ्यानं काही पणत्या विझल्या, आम्ही त्या परत लावल्या. ऊन तापलं तरी कुणी हललं नाही. मग कडी वाजली. सुलभानं दार किलकिलं केलं, कुणाकडं पाहिलं नाही, एक पणती उचलली आणि आत गेली. बऱ्याच वेळानं आतून कुकरची शिट्टी ऐकू आली, तेव्हा आम्ही आपापल्या घरी गेलो.