लवकर भरणारी बाटली

"पण ही का नको, अण्णा? कारण तरी सांगा."

निरंजन वाघुळदेने सात नंबरची बाटली दिव्यासमोर धरली. आतलं पाणी दाट, गढूळ झालेलं. म्हणजे पेशी खच्चून भरलेल्या.

मारुतीअण्णा सरतापे स्टुलावर बसून हातमोजे चढवत होते.

"नको कुठं म्हटलं? हिच्यात औषध किती, एवढंच विचारलं."

कुत्रं चावलं की जखमेत टोचतात, ते औषध या संस्थेत बनायचं. पूर्वी ते घोड्याच्या रक्तातून काढत. अण्णांची पहिली वीस वर्षं तबेल्यात गेली. मग घोडे गेले आणि पेशी आल्या. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून कधीकाळी घेतलेल्या या पेशी बाटलीत वाढतात. त्यांना औषधाची कृती शिकवली की त्या ते तयार करून भोवतालच्या पाण्यात सोडतात. पुढची वीस वर्षं अण्णा या पेशींमागे राहिले. इथल्या प्रत्येक नव्या डॉक्टरने पेशी हाताळायला त्यांच्याकडेच शिकायचं. संचालकही तिथंच शिकले होते.

निरंजन परदेशातून शिकून आलेला. त्याने पेशींचे चोवीस वाण तयार केले होते. उद्या त्यांतला एक गोठवून ठेवायचा होता. पुढे कित्येक वर्षं संस्थेचं सगळं औषध त्या एका वाणापासून निघणार होतं. संचालकांनी समारंभाची तारीख जाहीर केली होती. मंत्र्यांची वेळ घेतली होती. कोनशिलाही कोरून आली होती.

औषधाचं तेवढं बघायचं राहिलं होतं.

"मोजलंय की," निरंजन म्हणाला. "चोवीसांत सात नंबर पहिला."

"कधी मोजलं?"

"सुरुवातीला. अडीच महिने झाले."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर वाढ बघतोय ना रोज! एवढ्या वेगानं वाढणारा वाण या खोलीत कधी झाला नसेल. तुमच्या काळात तर नाहीच."

"नाही झाला," अण्णा म्हणाले. "सगळ्यात हळू वाढणारा तो एकोणीस नंबर कुठाय?"

निरंजन हसला. "ते रडतराऊत? मागच्या फळीवर. एकच बाटली ठेवलीय त्याची. टाकूनच देणार होतो."

"आण."

एकोणीस नंबरचं पाणी जेमतेम धुरकट झालं होतं. अण्णांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"दोन्हींचं पाणी काढ. तपास."

"अण्णा, तीन तास जातील. दुपारी संचालकांना नंबर कळवायचाय."

"तबेल्यात रक्त काढायच्या आधी दर खेपेला घोडा तपासायचो आम्ही. मागल्या खेपेला चांगला होता म्हणून या खेपेला बाटली भरली, असं कधी केलं नाही."

"हे घोडे नाहीत."

"नाहीत ना. घोडा निदान लाथ मारून सांगतो."

निरंजनने पाणी काढलं. तपासणीच्या तबकडीत छोटे छोटे खळगे असतात. औषध जितकं जास्त, तितका खळग्यात पिवळा रंग गडद.

तीन तासांनी दोघे तबकडीवर वाकले.

एकोणीसचे खळगे हळदीसारखे पिवळे झाले होते.

सातचे... जवळजवळ पाण्यासारखे.

निरंजनने तबकडी उचलून खिडकीपाशी नेली. तिथंही तेच दिसलं. त्याने पुन्हा तपासणी लावली. आणखी तीन तास गेले. रंग तेच आले.

"चूक माझ्या तपासणीत नाही," तो अखेर म्हणाला. आवाज खाली आला होता. "अडीच महिन्यांपूर्वी सातचाच रंग सगळ्यात गडद होता. मी स्वतः बघितलाय."

"मला शंका नाही."

"मग झालं काय?"

"तेच विचारतोय. तू काय करायचास? हातानं करून दाखव."

"दर तीन दिवसांनी सातच्या चार बाटल्या काढायचो." निरंजनने टेबलावर चार रिकाम्या बाटल्या मांडल्या. "चारही बघायचो. मग जी आधी भरलेली असेल तिच्यातल्या पेशी घेऊन पुढच्या चार..."

त्याचा हात तिसऱ्या बाटलीवर थांबला.



"औषध बनवायला पेशीला ताकद लागते," निरंजन स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "जी बनवत नाही, तिची सगळी ताकद वाढण्यात जाते. तिची बाटली आधी भरते. आणि मी दर वेळी... दर वेळी तीच..."

"किती वेळा?"

"पंचवीस."

"आणि एकोणीसचं?"

"एकच बाटली होती. निवडायला दुसरी नव्हतीच." तो खुर्चीत बसला. "ज्याच्याकडं मी लक्षच दिलं नाही, तो वाण टिकला. आणि ज्याचे लाड केले..."

टेबलावरचा फोन वाजला. संचालक होते.

"वाघुळदे, कुठला नंबर? पत्रकात टाकायचाय."

निरंजनने अण्णांकडे पाहिलं. अण्णा हातमोजे काढत होते.

"उद्या गोठवता येणार नाही, सर."

"काय?"

"सातमध्ये औषध उरलेलं नाही. सगळे चोवीस वाण पुन्हा तपासावे लागतील."

"अहो, मंत्री येतायत! आता गोठवा काहीतरी, नंतर बदलू. कुणाला कळणारे?"

"चावलेल्या माणसाला कळेल, सर."

 पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

निरंजनने सात नंबरच्या बाटल्या एकेक करून जंतुनाशकात ओतल्या. पंचवीस खेपांचं काम पाच मिनिटांत संपलं. मग त्याने एकोणीस नंबरची बाटली दोन्ही हातांनी उचलली. ती आता तो अगदी जपून धरत होता.

"कळलं, अण्णा. आजपासून जी सगळ्यात हळू वाढेल तीच मी पुढे नेणार."

अण्णांनी त्याच्या हातातून बाटली काढून घेतली.

"मग अडीच महिन्यांत तुझ्याकडं नुसत्या आळशी पेशी उरतील."