मंडळीचा गडी

"…आणि जी मंडळी आपल्याला ओळखतच नाही, तिच्याजवळ राहून करायचं तरी काय, बाबा?"

शांतवन उबाळे पाळकांनी मान वर केली नाही. ओसरीवर मांडी घालून ते पितळीत दुधात भाकरी कुस्करत होते. काठ जरा कडक राहिला होता, तो बोटांनी पुन्हा पुन्हा चुरत होते.

"नाही ओळखत," ते म्हणाले. "खरं आहे."

आमोसला बरं वाटलं. भर उन्हात नदीपलीकडून मोटारसायकल हाणत आला होता तो. सगळं बोलणं वाटेनं घोकत आला होता. बाबा आधी रागावतील, मग वचनं ऐकवतील, मग कुठं वळतील, असा त्याचा हिशेब. म्हातारा पहिल्याच वाक्याला हो म्हणेल असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आमोस शेलार याच म्हाताऱ्याच्या हाताखाली तयार झालेला. शास्त्र वाचायला त्यांनीच शिकवलं, दीक्षेच्या दिवशी डोक्यावर पहिला हात त्यांचाच पडला. पुढं हा शहरात जाऊन बायबलची मूळ ग्रीक भाषा शिकून आला. आता ग्रीक आलं की मान थोडी ताठ होतेच, त्याला तो बिचारा काय करणार. आणि एवढं शिकून पदरी पडलं काय, तर नदीपलीकडचं खेडं, पत्र्याचं चर्च आणि बाकावर बसलेली चार म्हातारी माणसं.

आता मात्र शहरातल्या एका मोठ्या मंडळीचं पाचारण आलं होतं. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हणायचं त्याचं ठरलेलंच होतं. फक्त बाबांचा हात एकदा डोक्यावर पडल्याशिवाय पाय निघत नव्हता.

"ऐकतसुद्धा नाही," तो म्हणाला.

"ऐकते कधी कधी. पण भलतंच ऐकते."

"आज सांगितलेलं उद्या आठवत नाही तिला."

"उद्या कुठलं? मी पितळी खाली ठेवेपर्यंत विसरते."

आमोसला हसू आलं. म्हातारा अजून तसाच फटकळ आहे म्हणून बरं वाटलं. मग त्याला जोरच चढला. मनात तुंबलेलं सगळं त्यानं ओसरीवर ओतलं.

उपदेशाच्या वेळी पहिल्या बाकावरचे थोरातआजोबा घोरतात, आणि आमेन म्हणायची वेळ आली की सगळ्यांत मोठ्यानं तेच म्हणतात. ग्यासची टाकी आणायची तर पाळक. दवाखान्यात न्यायचं तर पाळक. डोळ्यांत औषध घालायचं तर तेही पाळकानंच, कारण सुनेचा हात म्हणे जड आहे.

आणि त्या राहेलबाईनं तर कहरच केला. आमोसनं रविवारी हरवलेल्या मेंढरावर उपदेश केला होता. चांगला झाला होता, मूळ ग्रीक शब्द सांगून केला होता. सोमवारी उजाडायच्या आत राहेलबाई दारात. म्हणाली, पाळकसाहेब, काल तुम्हीच म्हणालात ना, मेंढपाळ रानोमाळ शोधत जातो म्हणून… तर चला, माझी शेळी सापडेना.

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय. दुपारपर्यंत बाभळीत फिरलो. सदरा फाटला."

"सापडली?"

"सापडली. पण राहेलबाई शेळीलाच कुरवाळत बसली. मला पाणीसुद्धा विचारलं नाही."

बाबा खाली मान घालून भाकरी चुरत होते. खांदे हलले, तेव्हा आमोसला कळलं की म्हातारा हसतोय. त्याला राग आला. आपलं काळीज जळतंय आणि यांना गंमत सुचतेय. त्याचा आवाज चढला.

"मी पाळक आहे, बाबा. तुम्हीच केलंत मला पाळक. आणि मंडळी मला गडी समजते."

बाबांची बोटं थांबली.

"आमचीही," ते म्हणाले. "परवा तर मला कामावरून काढलं."

आमोस बघतच राहिला.

बाबांना निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालेली. त्यांच्याजवळ आता मंडळी कुठली? मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि कानशिलं तापली. मंडळी म्हणजे आपली चर्चची माणसं, हे खरंच. पण जुन्या वळणाचे पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत. घेतलं तर जीभ अडखळते त्यांची. मंडळी माहेरी गेलीय म्हणतात, मंडळीला बरं नाही म्हणतात.

मघापासून म्हातारा बायकोबद्दल बोलत होता.

आता त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून हा घोटाळा झाला, की त्यांनी समजूनउमजून होऊ दिला… ते आमोसला कधीच कळलं नाही. विचारायची सोयही नव्हती.

"आई…?" त्यानं विचारलं. "आईंना काय झालंय?"

बाबा पितळी घेऊन उठले. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत.

"ये आत. तिची जेवायची वेळ झालीय."

द्वारकाबाईंना बरं नसतं, एवढं आमोसच्या कानावर होतं. जाऊन यावं, असं मनात यायचं. पण नदी ओलांडायला त्याला सवड झाली नव्हती. याच बाईनं त्याला शाळेच्या वयात घरात ठेवून घेतलं होतं, स्वतःच्या ताटातलं वाढलं होतं. उंबरा ओलांडताना त्याला स्वतःची लाज वाटली.

खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, लुगडं स्वच्छ. कोणीतरी रोज मन लावून विंचरत असणार, हे दिसत होतं. पण डोळे… डोळे कुठंतरी लांब रस्त्यावर लागलेले.

"आई, सलाम," आमोस म्हणाला. "मी आमोस."

त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "साहेब घरी नाहीत," त्या म्हणाल्या. "दौऱ्यावर गेलेत. प्रार्थनेचं काम असेल तर रविवारी या."

साहेब म्हणजे उबाळे पाळक. जुन्या दिवसांत ते खेडोपाडी सुवार्ता सांगत हिंडायचे, आठवडाआठवडा घरी नसायचे. त्यांना सगळे साहेबच म्हणत, घरातसुद्धा.

साहेब खाटेजवळ जमिनीवर बसले होते. हातात पितळी.

"बाई, जेवून घ्या," ते म्हणाले.

"भूक नाही."

"साहेब सांगून गेलेत. बाईंना वेळेवर जेवू घाल म्हणून."

"असं म्हणाले?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. नव्या नवरीसारखा पदर सारखा केला त्यांनी. "मग दे."

त्यांनी तोंड उघडलं. बाबांनी घास भरवला, हनुवटीवर आलेला ओघळ बोटानं टिपला. दुसरा घास. तिसऱ्या घासाला त्यांनी तोंड वाकडं केलं.

"साखर घातली नाहीस."

"घातलीय, बाई."

"खोटं बोलतोस. साहेब आले की सांगते. उद्यापासून येऊ नकोस कामाला."

"बरं, बाई. तेवढं हे संपवा."

आमोसला हसू येत होतं आणि रडूही. एकाच वेळी दोन्ही कसं होतं माणसाला, कोण जाणे.

बाबा पाणी आणायला आत गेले. तशी द्वारकाबाईंनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं. अगदी कानाशी आल्या.

"तुम्ही साहेबांच्या ओळखीचे दिसता," त्या कुजबुजल्या. "त्यांना सांगा, या गड्याला काढू नका. मी उगाच बोलते त्याला. माणूस बरा आहे. मी भ्याले की उशाशी येऊन बसतो, गाणं म्हणतो. साहेबांना येतं तेच गाणं येतं त्याला… कुठं शिकला देव जाणे." थोडा वेळ त्या दाराकडं बघत राहिल्या. "एवढं म्हणावं, लवकर या. फार दिवस झाले."

आमोसचा धीर सुटला. खाटेशेजारी गुडघे टेकले त्यानं. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले होते, ते त्याला दिसत होते, धोतराला दुधाचे डाग पडलेले. हे सहन होईना त्याला. ज्या माणसानं अख्ख्या मुलखाला बाप्तिस्मा दिला, त्याला स्वतःच्या घरात कोणी नावानं हाक मारू नये?

"आई, ऐका," तो म्हणाला. "साहेब कुठंही गेलेले नाहीत. आणि हे गडी नाहीत. हे तुमचे—"

पुढचं त्याला बोलता आलंच नाही. म्हातारा कधी एवढ्या झटकन आला कोणास ठाऊक. तांब्या खाली पडून पाणी घरभर झालं होतं, आणि बाबांचा तळवा आमोसच्या तोंडावर घट्ट बसला होता. दूधभाकरीनं चिकट झालेला, खरबरीत. आमोस लहानाचा मोठा या घरात झाला, पण या हातानं त्याला कधी असं धरलं नव्हतं.

"काय झालं?" द्वारकाबाईंनी घाबरून विचारलं.

"काही नाही, बाई. पाणी सांडलं माझ्याकडून."

"वेंधळाच आहेस," त्या म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.

बाबांनी उरलेले घास भरवले. पितळी रिकामी झाली. मग त्यांनी द्वारकाबाईंचं तोंड पुसलं, उशी सारखी केली आणि त्यांना हलकेच आडवं केलं. त्या दाराकडं तोंड करून निजल्या.

आमोस मागच्या दारी मोरीजवळ जाऊन उभा राहिला. रडायचं नाही असं ठरवूनही रडत होता. आपण कशासाठी आलो होतो, ते आठवून त्याला आणखीच रडू आलं. शहर आठवलं, तिथली शिकलेली मंडळी आठवली. ती नावानं ओळखणार होती, मान देणार होती. खिशातला फोन मांडीला गरम लागत होता.

बाबा आले. मोरीत उकिडवे बसून राखेनं पितळी घासू लागले. आमोसनं डोळे पुसले आणि दोरीवरचं फडकं घेतलं. बाबांनी विसळलेली पितळी त्याच्या हातात दिली, त्यानं पुसली.



मग आमोसनं विचारलं. "बाबा, मी जाऊ की राहू, ते नंतर सांगा. पण एक सांगा मला. ती तुमचीच वाट बघतेय. तुमच्यासाठीच झुरतेय. आणि तुम्ही तिच्या पायाशी बसून तिची बोलणी खाता. एकदा तरी तिला सांगावं… मीच तो म्हणून. एकदाही वाटत नाही तुम्हाला?"

बाबांचे हात पाण्यात होते. ते तसेच राहिले. म्हातारा दुःखी आहे, हे आमोसला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आजवर त्यानं तिकडं पाहिलंच नव्हतं.

"सांगितलं होतं," ते म्हणाले.

"मग…?"

"त्या दिवशी ती जेवली नाही."